करडी खूण

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. इतका साधा, की त्या दिवशी डब्यात काय नेलं होतं हेही तिला पुढे कधी आठवलं नाही. बुधवारही तसा साधाच वाटला होता. तो तसा नव्हता हे कळायला शुक्रवार उजाडावा लागला.

मंगळवारी ऑफिसात सकाळपासून तपासणी चालू होती. ती ज्या कंपनीत होती ती लोकांच्या वेबसाइट सांभाळायची. दवाखाने, शाळा, फर्निचरवाले, दोन दंतवैद्य, एक बॅंडपथक. सगळे मिळून एकसष्ट गिऱ्हाइकं एकाच सर्व्हरवर नांदत होती, एका जिन्यावरच्या बिऱ्हाडांसारखी. हा सर्व्हर ज्या भाषेवर चालायचा त्या पीएचपीची सातवी आवृत्ती आता म्हातारी झाली होती. बुधवारी सकाळी सहाला आठवी चढवायची होती. चढवणं दहा मिनिटांचं काम. खरं काम त्याच्या आधीचं. प्रत्येक साइटला पाच-पंचवीस प्लगइन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, लावलेले असतात. कुणाचा भेटीची वेळ ठरवून देतो, कुणाचा फोटो फिरवून दाखवतो. भाषा बदलली की यातला एखादा निखळतो आणि जाताना आख्खी साइट घेऊन जातो. कोणता निखळेल ते आधी बघायचं.

बघायची पद्धत तिनेच बसवली होती. तपासणीचं एक अवजार होतं. त्याला प्लगइनचं नाव द्यायचं. बाजारातला, नावाजलेला प्लगइन असेल आणि नव्या आवृत्तीत चालत असेल तर ते तक्त्यात हिरवी खूण करी. चालत नसेल तर लाल. आणि कुणीतरी घरी बसून लिहिलेला, ज्याची दुनियेला खबरच नाही असा प्लगइन असेल, तर करडी. करडी म्हणजे, मला माहीत नाही बाई, तुझं तू बघ. मग त्या साइटची नक्कल काढायची, नकलेवर नवी आवृत्ती घालायची, प्लगइन उघडून चालवून बघायचा, आणि मगच करड्याचं हिरवं करायचं. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता: ‘करड्यावर हात ठेवल्याशिवाय हिरवं नाही.’ नव्याने आलेला प्रत्येकजण तो वाचून आधी हसायचा आणि महिन्याभरात एकदा तरी त्यावरून बोलणी खायचा.

तक्त्यात एकसष्टाव्या ओळीखाली एक ओळ रिकामी होती. तिच्याखाली बासष्टावी. ती बाबांची साइट.

बाबा शिलाई मशीनचे मेकॅनिक. अडतीस वर्षं त्यांनी एका अरुंद दुकानात मशीनं उघडली, पुसली, जुळवली. बोटं थरथरायला लागली तशी दुकानाला कुलूप लावलं. वर्षभर घरात नुसते येरझाऱ्या घालत राहिले. आई म्हणायची, “हे असेच फिरत राहिले तर फरशी झिजेल.” मग एक दिवस त्यांनी लेकीला विचारलं, “तुमचं ते प्रोग्राम लिहिणं, हाताला कंप असला तर चालतं का?” ती हसली होती. कपाटातून आपलं कॉलेजातलं पुस्तक काढून तिने त्यांच्या हातात ठेवलं. “हे घ्या. नाहीतरी रद्दीतच घालणार होते.”

चौसष्टाव्या वर्षी त्यांनी त्या पुस्तकाला कव्हर घातलं, पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत एक प्लगइन लिहिला. साइटवर जायचं, मशीनची तक्रार निवडायची. दोरा तुटतो, टाका सुटतो, खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं होतं. मग तो एकेक प्रश्न विचारायचा, अगदी बाबा दुकानात विचारायचे त्याच क्रमाने. सुई कधी बदलली? बॉबिन उलटी तर नाही ना बसवली? आवाज खटखट आहे की खरखर? आणि शेवटी सांगायचा, अमुक स्क्रू अर्धा आटा सैल करा, पाऊण नको. चारशे ओळींचा प्रोग्राम. लांबलांबच्या शिवणकाम करणाऱ्या बायका तो वापरत. साइट ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवायची परवानगी तिने घाईसाहेबांकडून मागून घेतली होती. घाईसाहेब म्हणजे तिचे वरिष्ठ. हे नाव ऑफिसने ठेवलेलं होतं, आणि त्यांना ते माहीत होतं. बदलायला वेळ नव्हता इतकंच.

मंगळवारी एकच्या सुमाराला बाबांचा फोन आला.

“काय इन्स्पेक्टर, जेवलात का?”

“जेवतेय. बोला बाबा.”

“बोलायचं काय, हजेरी लावतोय. उद्या तुमची ती आठवी आहे ना?”

“हो. सकाळी सहाला.”

“मग आमचं पोर जाणार का वरच्या वर्गात, की सातवीतच बसवताय?”

घाईसाहेब टेबलाशी येऊन उभे होते आणि पेनाचं टोपण टेबलाच्या कडेवर वाजवत होते. फर्निचरवाल्यांच्या फोटोंचा प्लगइन लाल झाला होता.

“जाणार, बाबा. बघितलंय.”

“उघडून?”

“उघडून.”

“चालवून?”

“हो हो, चालवून. टीप मारून बघितली, दोन्ही बाजूंनी. झालं समाधान?”

बाबा हसले. टीप मारून बघणं ही त्या दोघांची जुनी गोष्ट होती. ती सहा-सात वर्षांची असताना शाळेतून थेट दुकानात यायची. दुरुस्त झालेल्या मशीनवर बाबा गिऱ्हाइकाच्याच कापडाच्या तुकड्यावर वीतभर टीप मारत आणि तो तुकडा तिच्या हातात देत. ती गंभीरपणे तो उजेडात धरायची, वरून टाके मोजायची, उलटा करून खालून मोजायची. सारखे भरले तर म्हणायची, “पास.” तिने पास म्हटल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जायचं नाही. एकदा एका घाईतल्या माणसाला बाबांनी चक्क थांबवून ठेवलं होतं. “थांबा हो, आमचे इन्स्पेक्टर अजून शाळेतून यायचेत.”

“तू पास म्हणालीस म्हणजे पास,” बाबा फोनवर म्हणाले. “बरं, मी त्यात एक प्रश्न वाढवतोय. पट्टा घसरतो त्याचा. आज चढवू?”

“लिहून ठेवा. पण चढवू नका आज. उद्या सातनंतर चढवा, आमचं सगळं झालं की.”

“जशी आज्ञा. जेव आता.”

तिने फोन ठेवला. बासष्टाव्या ओळीत एकच प्लगइन होता आणि त्यापुढे करडी खूण. ती तिने बघितली. संध्याकाळी बघू, असं मनाशी म्हणाली, आणि तक्ता पूर्ण दिसावा म्हणून करड्यावर हिरवा रंग टाकला. घाईसाहेबांचं टोपण वाजायचं थांबलं. संध्याकाळी फर्निचरवाले होते. मग घरी जायची वेळ झाली. चारशे ओळी तर आहेत, त्यात मोडण्यासारखं आहे काय, हा विचार तिने केला होता. नुसतं विसरायला झालं असतं तर पुढे सांगायला बरं पडलं असतं. पण ती विसरली नव्हती.

बुधवारी सहाला आठवी आवृत्ती चढली. साडेसहापर्यंत तिने एकसष्ट साइट एकामागून एक उघडल्या. सगळ्या ठणठणीत. रिकामी ओळ आली तशी ती थांबली. घाईसाहेब दोन हातांत दोन कप घेऊन आले आणि म्हणाले, “सुटलो एकदाचे!” त्या दिवशी बाबांचा फोन आला नाही. दुपारी चारला तिच्या ते ध्यानात आलं आणि मनात आलं, बरं झालं, आज कटकट नाही.

कटकट. हाच शब्द. पुढे तिने मनातल्या मनात तो बदलून बघितला, पण मनात आलेला शब्द मागाहून बदलता येत नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला आईचा फोन आला. “हे खुर्चीतून उठत नाहीयेत गं,” आई म्हणाली. जरा थांबून पुन्हा तेच म्हणाली, जणू पहिल्यांदा सांगण्यात काही चुकलं असावं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. पहाटे कधीतरी. त्रास झाला नसावा. ‘नसावा’ हा डॉक्टरांचा शब्द तिला आवडला. निदान खात्री नसलेल्या गोष्टीला ते पास म्हणाले नाहीत.

शुक्रवारी माणसं आली. शेजारपाजारचे, दुकानाच्या रस्त्यावरचे, आईच्या माहेरचे. बाबांची एक जुनी गिऱ्हाईक होती, गल्लीच्या टोकाला कपडे शिवणारी. तिला सगळे शिवणताई म्हणत. ती आली आणि आईच्या शेजारी बसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, “बुधवारी मी फोन केला होता हो त्यांना. म्हटलं, साइट उघडत नाहीये, पांढरं पान येतंय. तर म्हणाले, ताई, माझ्याच हातून बिघडलंय. दोन दिवस द्या, करतो.”

“तेच तर,” आई म्हणाली. “मंगळवारी संध्याकाळी काहीतरी नवीन लिहीत बसले होते. बुधवारी सकाळी ते चढवलं आणि झालं, सगळंच बंद. दिवसभर मान वर केली नाही. जेवायला या म्हटलं तर ताट तिथेच आणायला लावलं.”

“या वयात कुणी सांगितले होते नसते उद्योग?” मावशी म्हणाली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, जिचं दुःखही दुसऱ्याची झडती घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. “हात दाखवून अवलक्षण! गुपचूप पेपर वाचत बसले असते तर चार वर्षं जास्त जगले असते.”

“मी म्हटलं गं त्यांना, पोरीला फोन लावा. तर म्हणतात कसे, तिने कालच तपासून दिलंय, आता कोणत्या तोंडाने सांगू की एका दिवसात मी मोडून ठेवलं?”

ती तेव्हा पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. गोष्टींमध्ये अशा वेळी हातातून काहीतरी पडतं. तिच्या हातातून काही पडलं नाही. सातही पेले तिने सात माणसांना दिले. मावशीला दिला तेव्हा मावशी म्हणाली, “तू तरी बस गं जरा,” आणि ती म्हणाली, “बसते.”

मग ती बाबांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

टेबल होतं तसंच होतं. तिने आपला लॅपटॉप त्यावर न ठेवता मांडीवर घेतला. साइट उघडली. पांढरं पान. एक अक्षर नाही. अक्षर नव्हतं कारण ते तिनेच बंद केलं होतं. साइट बिघडली तर काय बिघडलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये, फक्त सर्व्हरवरच्या नोंदींत उमटावं, ही तिची दुसरी चांगली शिस्त. त्या नोंदी बाबांना दिसत नव्हत्या. तिने त्या उघडल्या.

पहिली बुधवारची, सकाळी सात वाजून बारा मिनिटांची. ओळ क्रमांक एकशे अठरा: इथे वापरलेलं फंक्शन आता अस्तित्वात नाही. पुढची सात चौदाची. मग सात एकवीस. तीच ओळ, तेच वाक्य. रात्री नऊ चाळीसपर्यंत. काही शिवणताईंसारख्यांच्या असतील, बाकी सगळ्या घरच्याच पत्त्यावरून. बाबांनी पान सत्तेचाळीस वेळा उघडलं होतं आणि सत्तेचाळीस वेळा सर्व्हरने अचूक उत्तर दिलं होतं, दुसऱ्याच खोलीत.

त्याच्याही मागे गेल्यावर दोन वर्षांच्या जुन्या नोंदी होत्या. सातव्या आवृत्तीतही त्या ओळीबद्दल कुरकुर होती: हे फंक्शन लवकरच जाणार आहे, बदलून घ्या. रोज, दर भेटीला. बाबा म्हणायचे, मशीन एकाएकी कधी मोडत नाही. आधी महिनाभर बोलत असतं, आपण रेडिओ मोठा केलेला असतो.

तिने कपाटातून कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. आत तिचं नाव, वर्ग, तुकडी, आणि समासात तिने कंटाळून काढलेल्या मांजरी. ते फंक्शन, म्हणजे भाषेतली ती तयार आज्ञा, एकशे साठाव्या पानावर होतं. यादीतल्या वस्तू एकेक करून कशा घ्याव्यात, त्याचं उदाहरण. बाबांनी त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती आणि मांजरीला धक्का लागू नये अशा बेताने बाजूला लिहिलं होतं, ‘प्रश्नांसाठी हेच वापरावे.’ पुस्तकात होतं तसं त्यांनी केलं होतं, तंतोतंत. पुस्तक छापून अठरा वर्षं झाली होती. नवं आणून द्यायचं तिच्या मनात दोनदा आलं होतं.

ओळ बदलायला तिला चार मिनिटं लागली. पान उघडलं. ‘मशीन काय म्हणतंय?’ त्याने विचारलं. बैल गेला नि झोपा केला. ही म्हण तिने आयुष्यात शंभर वेळा ऐकली असेल. त्या झोप्यात, त्या रिकाम्या गोठ्यात, एकट्याने उभं राहणं काय असतं ते म्हणीत नव्हतं.

आणि मग तिला वही दिसली.

दुकान होतं तेव्हापासून बाबा कामाची वही ठेवत. प्रत्येक मशीनला एक पान: गिऱ्हाईक, तक्रार, काय केलं. दुकान गेलं तरी वही राहिली होती. बुधवारच्या पानावर त्यांच्या कापऱ्या, पण सरळ ओळीतल्या अक्षरात लिहिलेलं होतं.

गिऱ्हाईक: स्वतः.

तक्रार: पान पांढरे.

१. आज सकाळी चढवलेला पट्ट्याचा प्रश्न काढला. फरक नाही.

२. गेल्या आठवड्याची फाइल परत चढवली. फरक नाही.

३. कंस मोजले. उघडलेले तितकेच बंद.

असं खाली खाली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायची, लिहायची, परत जागेवर ठेवायची. दुकानात ते असंच करत. नववा आकडा मात्र वेगळा होता.

९. नव्या आवृत्तीमुळे असेल का?

आणि त्यावर पट्टी ठेवून मारलेली आडवी रेघ. रेघेच्या पुढे: ‘नाही. तिने चालवून बघितले आहे.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली नाही. पुन्हा वाचायची गरज पडली नाही. पुढे आणखी पाच आकडे होते आणि पानाच्या तळाशी शेवटचं वाक्य: ‘उद्या पहिल्या ओळीपासून. दोष माझाच आहे, सापडेल.’

सोमवारी ती कामावर गेली. घाईसाहेबांनी खोलीत बोलावून आधी दोन बरे शब्द सांगितले, मनापासून. त्यांचे वडीलही याच वर्षी गेले होते. मग तिला जरा बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी तक्ता समोर घेतला. “एक सांगू? इतका साफ बदल मी आजवर बघितला नाही. संपूर्ण सर्व्हर, आणि एकसुद्धा तक्रार नाही. एकसुद्धा!”

“नाही,” ती म्हणाली.

तक्रार करणारा एकच होता, आणि त्याला तिच्यावर शंका घ्यायची नव्हती.

घाईसाहेबांनी तिचा भिंतीवरचा कागद नव्याने छापून घेतला, चौकटीत बसवून सगळ्या टेबलांमागे लावला. ती येता-जाता तो वाचत राहिली.

सांगायला हवं होतं हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण न सांगण्याची कारणं शोधावी लागत नाहीत. ती आपणहून रांगेत येऊन उभी राहतात. आईला आत्ता नको, तिचा धक्का ताजा आहे. मावशीसमोर तर नकोच. आणि सांगून काय, बाबा थोडेच परत येणार? डॉक्टरांनी हृदय म्हटलं होतं, प्लगइन नव्हे. हे सगळं खरं होतं आणि सगळं वेळ मारून नेण्यापुरतं होतं.

तिच्या गप्प बसण्याने बाबांचं मात्र नुकसान चाललं होतं. आईच्या तोंडी गोष्ट घडत गेली. आधी होती ती, “ह्यांच्या हातून काहीतरी बिघडलं.” महिन्याभराने झाली, “ह्यांना दिवसभर जमलं नाही ते पोरीने चार मिनिटांत केलं.” ही चार मिनिटं तिने स्वतःच भोळेपणाने आईला सांगितली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई ते सांगे, आणि येणारा तिच्याकडे कौतुकाने बघे. बाबांच्या नावातून एकेक टाका उसवत होता आणि तिच्या नावाला जाऊन लागत होता. ती आईला म्हणायची, “पुरे गं.” लोकांना तो विनय वाटायचा.

दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी शिवणताई आली. हातात कापडी पिशवी. पिशवीत कापडाचा तुकडा होता. त्यावर मारलेली टीप वरून सरळ होती आणि खालून दोऱ्याचा नुसता गुंता. आईने सरबत केलं. मावशी आलेलीच होती. ती हल्ली रविवारी यायचीच.

“साइट बघितली का?” लेकीने शिवणताईला विचारलं.

“बघितली ना. दोरा वरून घातलाय का, विचारलं. दाबपट्टी उचलून घातला का, विचारलं. मग म्हणाली, वरचा स्क्रू अर्धा आटा आवळा.”

“मग?”

शिवणताईने आईकडे बघितलं, मग तिच्याकडे. “नाही, म्हणजे… आवळला नाही अजून. म्हटलं आधी तुला विचारावं. हे उत्तर त्यांचं आहे, की तू नंतर तपासून घातलंयस?”

“त्यांचं आहे. का?”

“तसं नाही गं. मोठा माणूस. माझं मशीन त्यांनी वीस वर्षं सांभाळलं. पण शेवटी शेवटी त्यांच्याकडून चुका व्हायला लागल्या होत्या ना? आई म्हणाल्या. मग म्हटलं, भलताच स्क्रू फिरवायचा आणि मशीनच जायचं. तू ते सगळं एकदा नव्याने लिहून काढ ना. नीट. तपासून.”

“मीही तिला तेच म्हणणार होते,” आई म्हणाली. आवाज मऊ होता, त्यात राग नव्हता, दोष देणं नव्हतं. एखादा जुना कपडा आता टाकून द्यायचं ठरवल्यासारखं ती बोलत होती. “वाईट वाटतं, पण खरं ते खरं. शेवटच्या दिवसांत ह्यांचं डोकं पहिल्यासारखं चालत नव्हतं.”

“मी केव्हाची सांगतेय,” मावशी म्हणाली.

तिने तो कापडाचा तुकडा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. वरून टाके मोजले. उलटा केला. खालचा गुंता बोटाने बाजूला सारत मोजत गेली. वरचा ताण सैल होता. अर्धा आटा. पाऊण नको.

“ताई, हे उत्तर बरोबर आहे,” ती म्हणाली. “सगळी उत्तरं बरोबर आहेत.”

“तू म्हणतेस म्हणजे झालंच,” शिवणताई लगेच म्हणाली. “तू तपासलंस ना, मग मी डोळे मिटून आवळते.”

ती उठून बाबांच्या खोलीत गेली. वही घेऊन आली, बुधवारचं पान उघडलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. नवव्या आकड्यावर बोट ठेवलं. आई चष्मा शोधायला लागली. चष्मा कपाळावरच होता. मावशीने तो खाली ओढून दिला.

“हे काय आहे गं? आणि हे खोडलंय का त्यांनी?”

तिने वाट बघितली नाही. आईला वाचून उमजेपर्यंत ती थांबली असती, तर आणखी एक कारण रांगेत येऊन उभं राहिलं असतं.

“आई, बाबांच्या हातून काही बिघडलं नव्हतं,” ती म्हणाली. “त्यांनी मला फोन केला होता. उघडून बघितलंस का, विचारलं. चालवून बघितलंस का, विचारलं. मी दोन्हीला हो म्हणाले. मी खोटं बोलले, आई. मी ते उघडलंसुद्धा नव्हतं.”